माझ्याकडे असावे, दुसऱ्याकडे नसावे



गेल्या शाबान महिन्यातील गोष्ट आहे. इशाची नमाज आटोपून मी मशिदीच्या पायरीवर चपला घालत होतो. एवढ्यात मोहल्ल्यातील एक गृहस्थ बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा छातीशी धरून समोर उभे राहिले. बीड जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी इमामत करतो, तेथे त्यांचे गाद्या भरण्याचे दुकान आहे. डबा माझ्या हाती देत ते म्हणाले, "मौलाना, माझ्या घरवालीच्या भिशीचे चार हजार रुपये या डब्यात आहेत. मला तर दिसेनात, तुम्हीच शोधून द्या."

मी डबा उघडला. आत एटीएम कार्डाएवढी पन्नास-साठ छायाचित्रे होती. प्रत्येक छायाचित्र पारदर्शक पाकिटात जपून ठेवलेले. गुळगुळीत चेहऱ्याचे, रंगवलेल्या केसांचे कोरियन तरुण त्यांतून हसत होते. एक छायाचित्र तेवढे जाड प्लास्टिकच्या आवरणात वेगळे ठेवलेले होते. अकरावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ते पुण्यातील एका अनोळखी मुलीकडून मोबाइलवर व्यवहार करून मागवले होते. किंमत चार हजार रुपये. आईने वर्षभर गाद्यांच्या खोळी शिवून भिशी भरली होती आणि ईदच्या खर्चासाठी ती उचलली होती. "हे हराम आहे, एवढे एकदा तुमच्या तोंडून सांगा," गृहस्थ म्हणाले, "म्हणजे डबा चुलीत घालायला मी मोकळा."

मी त्या रात्री उत्तर दिले नाही. संगीत आणि चित्रे यांबाबत आपल्या उलमांची मते वाचकांना ठाऊक आहेत. मी स्वतः त्याच परंपरेत शिकलो आहे, त्यामुळे तो विषय येथे नव्याने उघडत नाही. पण केवळ तेवढे सांगितले असते तर डबा जळाला असता आणि मुलीच्या मनात जे घडले होते ते तसेच राहिले असते. आज तोच प्रश्न आपल्यासमोर ठेवतो : आवडत्या गायकाच्या मर्यादित संख्येत काढलेल्या वस्तू जमवण्यात नेमके काय आहे, आणि त्यातील कोणती गोष्ट श्रद्धावंताच्या अंतःकरणाला बाधक आहे?

हा एकाच घरातील प्रश्न नाही

हा एखाद्या घरचा अपवाद आहे असे समजू नये. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील अकरा ते तेरा वर्षे वयाच्या तीन मुलींनी आपले अपहरण झाल्याचा बनाव रचला आणि पुण्याची बस धरली. पोलिसांनी त्यांना वाटेत मोहोळ येथे सुखरूप ताब्यात घेतले. विचारपूस झाली तेव्हा कळले, की पुण्यात काम करून पैसे जमवायचे आणि दक्षिण कोरियात जाऊन 'बीटीएस' या सात तरुणांच्या गायनसमूहाला भेटायचे, असा त्यांचा बेत होता. ही बातमी वाचून पुष्कळ जण हसले. मला हसू आले नाही. ज्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पोटासाठी उसाच्या फडांकडे जातात, त्याच भागातील तीन लेकरे घर सोडून कोणाच्या तरी भेटीच्या ओढीने निघाली होती. ती ओढ खरी होती, तिचा रस्ता चुकला होता.

बीटीएसने आपला प्रवास जून २०१३ मध्ये सुरू केला. एका तपात त्यांचे चाहते जगभर पसरले. आपल्या देशातील चाहत्यांविषयी न्यायाने बोलायचे, तर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आसामचा २०२० मधील पूर आणि २०२१ मधील कोरोनाची दुसरी लाट, या दोन्ही वेळी या मुला-मुलींनी आपसात वर्गणी काढून मदतनिधी उभा केला. दूरच्या कोणावर जीव लावणारे अंतःकरण जवळच्या संकटग्रस्ताकडेही वळू शकते, याचा हा पुरावा आहे. म्हणून प्रेम हाच मुळात अपराध आहे असे मी म्हणणार नाही. अल्लाहने माणसाच्या छातीत प्रेम करणारे काळीज ठेवले आहे. त्या काळजाला कोणी काय विकले, हे आता पाहावयाचे आहे.

टंचाई कशी निर्माण केली जाते

वाचकहो, या व्यवहाराची रीत समजून घ्या. गाण्यांचा अल्बम बंद खोक्यात मिळतो. खोक्यात गाण्यांच्या तबकडीसोबत एक-दोन छायाचित्रे असतात. सात जणांपैकी कोणाचे छायाचित्र निघेल, हे खोके फोडल्याशिवाय कळत नाही. आवडत्या गायकाचे मिळेपर्यंत मुले तोच अल्बम पुन्हा पुन्हा घेतात. त्यातही काही छायाचित्रे फक्त आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांसाठी, काही एखाद्याच दुकानासाठी, तर काही एखाद्याच कार्यक्रमापुरती काढलेली असतात. छापखान्याला अशी आणखी लाखभर छायाचित्रे काढणे मुळीच अवघड नाही. तरीही ती काढायची नाहीत असे ठरवले जाते.

आपल्याकडे दुष्काळ पडतो. पाऊस पडला नाही म्हणून विहीर आटते आणि टँकरची वाट पाहावी लागते. बीडच्या माणसाला टंचाई काय असते ते शिकवावे लागत नाही. पण विहिरीत पाणी भरपूर असताना तिला झाकण घालून टंचाई जाहीर करणे, हा निराळाच प्रकार आहे. या छायाचित्रांची टंचाई त्या जातीची आहे. मग वस्तूत मोल कशाचे उरते? कागद आणि शाई यांची किंमत काही पैसे असेल. गायकाचा आवाज तर मोबाइलवर जवळजवळ फुकट ऐकता येतो. चार हजार रुपये द्यावे लागतात ते, दुसऱ्यांकडे ते चित्र नाही याबद्दल.

अशा खरेदीचा शेवटही पाहण्यासारखा आहे. जपानची राजधानी टोकियो येथील शिबुया भागात २०२४ मध्ये एका कोरियन समूहाच्या अल्बमचे गठ्ठेच्या गठ्ठे रस्त्याकडेला सोडून दिलेले आढळले. ज्या गाण्यांवर प्रेम होते असे सांगितले गेले, ती गाणीच वाटेवर पडून राहिली.

एक प्रश्न आणि एक प्रामाणिक उत्तर

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ, त्यांची पत्नी आणि मुलगी आमच्या घरी आले. ही मुलगी लहानपणी माझ्या पत्नीकडे नाझरा शिकायला यायची, त्यामुळे आमचे घर तिला परके नव्हते. मी तिला रागावलो नाही. त्या वेगळ्या ठेवलेल्या चित्राविषयी एवढेच विचारले, की बेटा, यात असे काय आहे? ती हळूच म्हणाली, "मौलाना, हे खूप कमी निघालेले आहे. माझ्या ओळखीत कुणाकडेच नाही."

"तुझ्या वर्गातील मैत्रिणीलाही तो गायक आवडतो ना?"

"खूप आवडतो."

"मग समज, उद्या तिलाही हेच चित्र मिळाले. तुला आनंद होईल?"

ती बराच वेळ गप्प बसली. तिने खोटे उत्तर दिले असते तरी मी काय करू शकलो असतो? पण खाली पाहत ती म्हणाली, "नाही मौलाना. वाईट वाटेल."

त्या एका वाक्यात मला माझा विषय सापडला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेल्या प्रेषितवचनाचा आशय आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत : माणूस स्वतःसाठी जे इच्छितो तेच आपल्या बंधूसाठी इच्छीपर्यंत त्याची श्रद्धा पूर्ण होत नाही. आता या कसोटीवर मर्यादित आवृत्ती लावून पाहा. भाकरी मला हवी, ती शेजाऱ्यालाही मिळो, असे म्हणता येते. विद्या, आरोग्य, घर, हजची यात्रा यांपैकी काहीही बंधूसाठी मागितले तर माझ्या वाट्याचे कमी होत नाही. परंतु जिचे सारे मोल ती दुसऱ्याकडे नसण्यात आहे, अशी वस्तू बंधूसाठी इच्छिताच येत नाही. तशी इच्छा केली की तिचे मोल माझ्याच हातात विरघळून जाते. म्हणजे ही खरेदी पैशांच्या जोडीला आणखी एक गोष्ट मागते : मैत्रिणीच्या आनंदाने दुःखी होण्याची सवय. चार हजार रुपये परत मिळवता येतील. ही सवय जडली तर ती सोडवणे फार कठीण.

पवित्र कुरआनात 'तकासुर' (सूरह १०२) आणि 'हुमजह' (सूरह १०४) या लहानशा सूरहांत माल गोळा करून मोजत बसण्याच्या आणि एकमेकांवर चढ करण्याच्या वेडाविषयी इशारा आहे. सूरह हदीदच्या विसाव्या आयतीत ऐहिक जीवनाचे वर्णन करताना खेळ, करमणूक आणि शोभा यांच्या पाठोपाठ परस्परांपुढे मिरवणे आणि अधिकाची स्पर्धा यांचा उल्लेख येतो. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. मूल खेळण्यापासून सुरुवात करते, आणि जपले नाही तर मिरवण्यापाशी येऊन थांबते.

आठवणीची वस्तू आपल्यालाही प्रिय आहे

येथे एखादा चाणाक्ष वाचक विचारील, की मौलाना, प्रिय व्यक्तीची वस्तू जपणे तर आपल्या परंपरेतही आहे. अगदी खरे आहे. आपल्या मराठवाड्यातच खुलताबाद येथे प्रेषितांशी संबंधित मानल्या जाणाऱ्या पवित्र वस्तू शतकानुशतके जपल्या गेल्या आहेत. बुखारीतील एका रिवायतीनुसार, प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एक केस आपल्याजवळ असणे हे आपल्याला सगळ्या जगाहून अधिक प्रिय वाटले असते, अशी भावना ज्येष्ठ ताबिई अबीदा (रह.) यांनी व्यक्त केली होती. प्रेषितांचे स्थान आणि एका गायकाचे स्थान यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे सांगणे नको. पण त्या वस्तूंचे पुढे काय झाले, ते पाहावे.

निरोपाच्या हजच्या प्रसंगी प्रेषितांनी डोक्याचे केस उतरवले, तेव्हा ते लोकांमध्ये वाटून देण्यास हजरत अबू तल्हा (रजि.) यांना सांगितले. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडे काही केस होते. कोणी आजारी पडले की लोक त्यांच्याकडे पाण्याचे भांडे पाठवीत आणि त्या ते केस पाण्यात फिरवून देत. बुखारीतच आणखी एक प्रसंग आहे. एका स्त्रीने आपल्या हाताने विणलेली चादर प्रेषितांना भेट दिली. त्यांना तिची गरजही होती. ती नेसून ते बाहेर आले, तोच एकाने ती मागितली आणि प्रेषितांनी ती लगेच देऊन टाकली. लोकांनी त्या माणसाला दोष दिला, की ते कोणाला नाही म्हणत नाहीत हे ठाऊक असून तू मागितलीस कशी? त्याने सांगितले, की मला ती कफनासाठी हवी होती. पुढे तिचेच त्याला कफन झाले.

वाचकहो, जगात एकच असलेली ती चादर. तिचे मोल ती कोणाच्या अंगावर होती यामुळे होते. इतरांकडे तशी नाही, याच्याशी त्या मोलाचा काही संबंध नव्हता. ज्याच्यावर प्रेम होते त्याने ती मागताक्षणी दिली, आणि ज्याला मिळाली त्याने ती मातीत सोबत नेली. प्रेमाच्या वस्तूला बाजार नसतो. जिला बाजार आहे, ती प्रेमाच्या नावावर विकली जाणारी दुसरीच वस्तू आहे.

आपलीही कपाटे उघडू या

मुलांना बोल लावणे सोपे असते. त्या गृहस्थांच्या दुकानातील गल्ल्यात शंभराची एक नोट वर्षानुवर्षे न मोडता ठेवलेली आहे, कारण तिच्या क्रमांकाच्या शेवटी ७८६ आहे. हे त्यांनीच मला एकदा कौतुकाने दाखवले होते. आपल्यातील कितीतरी लोक असा क्रमांक गाडीला मिळावा म्हणून जादा पैसे भरतात आणि शंभराची नोट शंभराहून अधिक देऊन विकत घेतात. आजच्या बहुतेक मुफ्तींच्या मते एकाच चलनाची अशी कमी-जास्त अदलाबदल व्याजाच्या कक्षेत येते. बाप ७८६ ची नोट जपतो आणि लेक कोरियन गायकाचे चित्र जपते. दोघांनाही 'माझ्याकडे आहे' याचाच आनंद आहे.

आणि मी? त्या दिवशी पाहुणे गेल्यावर माझी पत्नी म्हणाली, "तिचा डबा बघितलात, आता तुमचं कपाट बघा." मला समजले. बारा वर्षांपूर्वी मी मुंबईच्या मुहम्मद अली रोडवरून बैरुतची छपाई असलेली 'फत्हुल बारी' आणली होती. सोनेरी कणा, पानांच्या कडांना मुलामा. दीड महिन्याचा पगार त्यात गेला. मी वाचतो ती आपल्या देशातील जुनी, कडा फाटलेली प्रत. बैरुतची प्रत प्लास्टिकमध्येच असते आणि आल्या-गेल्याच्या नजरेस पडेल अशा खणात असते. तीन वर्षांपूर्वी मदरशातील एका होतकरू विद्यार्थ्याने तिचा एक खंड आठ दिवसांसाठी मागितला होता. "पाने मळतील," असे म्हणून मी त्याला नकार दिला. प्रेषितवचनांवरील भाष्याचा ग्रंथ मी प्रेषितांच्या चादरीच्या नेमका उलट वापरला होता. त्या मुलीच्या डब्यात निदान अज्ञान तरी होते. माझ्या कपाटात तेही नव्हते.

काही व्यावहारिक बाबी

ज्या घरांत हा प्रश्न उभा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी थोडक्यात सांगतो. विशिष्ट प्रसंगाचा निर्णय आपल्या जवळच्या मुफ्तींकडून घ्यावा.

पहिली गोष्ट अनिश्चिततेची. ज्या विक्रीत काय हाती येणार हे ठाऊक नसते, तिला प्रेषितांनी मनाई केल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. फिक्हच्या भाषेत याला 'गरर' म्हणतात. अल्बमची किंमत अल्बमसाठी दिली आणि चित्र वरकड भेट म्हणून आले, तर बाब निराळी. पण अल्बम नको असताना केवळ नशिबाचे चित्र निघावे म्हणून खोक्यामागून खोके फोडणे, हे जुगाराच्या उंबरठ्यावर उभे राहणे आहे.

दुसरी गोष्ट भाव चढवण्याची. स्वतःला घ्यायचे नसताना खोटी बोली लावून किंमत वाढवणे म्हणजे 'नजश', आणि ते निषिद्ध आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या 'कोल्डप्ले'च्या कार्यक्रमांची तिकिटे काळ्या बाजारात कितीतरी पट किमतीने विकली जात होती, हे आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. दुसऱ्याच्या अनावर ओढीवर नफा कमावणे कोणत्याही श्रद्धावंताला शोभत नाही.

तिसरी गोष्ट जकातीची. स्वतःच्या आवडीसाठी ठेवलेल्या अशा वस्तूंवर जकात नाही. मात्र पुढे चढ्या भावाने विकण्याच्या इराद्यानेच त्या विकत घेतल्या असतील, तर तो व्यापारी माल ठरतो. त्या धरून मालकी निसाबइतकी झाली, तर वर्ष सरताच अडीच टक्के जकात द्यावी लागते. 'हा तर माझा छंद आहे' आणि 'ही तर माझी गुंतवणूक आहे' ही दोन्ही वाक्ये एकाच डब्याविषयी सोयीप्रमाणे बोलता येणार नाहीत.

चौथी आणि सर्वांत निकडीची गोष्ट अमानतीची. आईच्या भिशीचे पैसे तिला न विचारता घेतले गेले. चित्र कोणाचे आहे याच्याशी त्या अपराधाचा संबंध नाही. त्याच पैशांनी धर्मग्रंथ आणला असता, तरी तो अपराधच ठरला असता.

आई-वडिलांना माझी विनंती आहे, की डबा जाळू नका. वस्तू जळते, तिची ओढ मात्र राखेखाली धुमसत राहते, आणि मग मुले दुसरा डबा अधिक खोल लपवतात. धाराशिवच्या त्या तीन मुलींना घरातल्या मोठ्यांपाशी आपले वेड मोकळेपणाने बोलता आले असते, तर कदाचित त्यांनी बस धरली नसती. मुलांना विचारा, की तुला यात काय आवडते? ऐकून घ्या. आणि मग तोच प्रश्न विचारा : हे तुझ्या मैत्रिणीलाही मिळाले तर?

खजाना कशाला म्हणावे

बीड शहराजवळ खजाना बावडी आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधली. नाव खजाना, पण आत सोने नाही की नाणे नाही. आहे ते पाणी. दुष्काळातही ही बावडी आटत नाही असा तिचा लौकिक आहे, आणि तिचे पाणी पिढ्यान् पिढ्या आजूबाजूच्या शेतांना मिळत आले आहे. आपल्या पूर्वजांनी ज्याला खजाना म्हटले ते वाटले जाणारे होते, वाहणारे होते. कुलुपात ठेवले असते तर त्याचे डबके झाले असते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिने ते चित्र विकले नाही. विकत घेणारीच्या मनातही तेच विष जाईल, असे ती म्हणाली. तिचे हे म्हणणे मला माझ्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा सरस वाटले. शाळा सुटल्यावर ती आता आईसोबत खोळी शिवते आणि पैसे थोडे थोडे फेडते. ईदच्या दिवशी तिने डब्यातील काही चित्रे वर्गमैत्रिणीला दिली. ते एक चित्र मात्र अजून तिच्याजवळच आहे. सगळे एका दिवसात सुटत नसते.

माझेही सुटलेले नाही. मी त्या विद्यार्थ्याला बोलावून 'फत्हुल बारी'चा पहिला खंड दिला. परवा त्याने तो परत आणला, तेव्हा मी सर्वांत आधी पानांच्या कडा पाहिल्या. दोन ठिकाणी बोटांचे डाग होते. क्षणभर मन खट्टू झाले. मग लक्षात आले, की बारा वर्षांत तो ग्रंथ प्रथमच कोणीतरी वाचला होता. मी त्याला दुसरा खंड दिला.

हे अल्लाह, जे आम्हाला प्रिय आहे ते आमच्या बंधू-भगिनींसाठीही प्रिय वाटेल, असे अंतःकरण आम्हाला दे. आमच्या लेकरांची ओढ सरळ मार्गाला लाव, आणि आमच्या कपाटांचे हिशेब आम्हाला येथेच, तुझ्यासमोर उभे राहण्यापूर्वी, तपासण्याची सद्बुद्धी दे. आमीन.